खिळ्यावरचा पिस्टन

अब्बांच्या तोंडून मी आजवर एकही शिवी ऐकलेली नाही. लोक हे कौतुकानं सांगतात, मला मात्र त्याचा कायम राग यायचा. लोहाऱ्यात म्हणतात, दादामियाँ मिस्त्री म्हणजे गाय माणूस. गाय माणसाला कुणीही दटावून जातं हे म्हणणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच त्यांना तो आवडतो.

मी फरहाना, त्यांची एकुलती एक मुलगी. आमचं गॅरेज तहसील कचेरीच्या रस्त्यावर, काळ्या-पिवळ्या प्रवासी जीपा भरतात त्याच्या समोर. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या साली अब्बांनी ते टाकलं. तेव्हा होतं काय, तर चार पत्रे, एक खाट आणि उमरग्याच्या उस्तादांनी दिलेली पान्यांची पेटी. त्या उस्तादांकडं अब्बांनी नऊ वर्षं काढली. हात तयार झाला, पण त्याहून कान तयार झाला. रस्त्यावरून जीप नुसती गेली तरी मान वर न करता ते सांगायचे, "तिसरा सिलिंडर मिस मारतोय," म्हणजे मधूनच पेट चुकवतोय. ड्रायव्हर लोक त्यांना खोटं पाडायला बॉनेट उघडायचे आणि गुपचूप परत लावायचे. समोरच्या हॉटेलवाल्या गोरोबाकाकांचे कितीतरी चहा या पैजांवर खपले.

उस्तादांची एक शिस्त अब्बांनी कधी मोडली नाही. इंजिनातून निघालेला जुना माल गिऱ्हाईकाचा. झिजलेल्या रिंगा असोत, फुटलेला वॉल्व्ह असो, अब्बा तो डिझेलनं धुणार, पुसणार, वर्तमानपत्रात गुंडाळणार आणि पिशवीत घालून मालकाच्या हातात देणार. दुसरे मिस्त्री तो भंगारात घालून मोकळे होतात. अब्बा म्हणायचे, "गाडीचं काय दुखत होतं ते मालकाला दिसाय पायजे. न्हायतर आपण काय केलं ते त्याला कसं कळणार?" तीस वर्षांत आमच्या गॅरेजमधून एकच जुना भाग मालकाकडं परत गेला नव्हता. तो कामाच्या टेबलावरच्या भिंतीत, खिळ्याला लटकत होता. त्याची गोष्ट सांगते.

दोन हजार चौदा साली मी बारावीला होते. खडी क्रशरवाल्यांचा रुद्रेश तेव्हा पंचविशीचा. नवी मिशी, नवा गॉगल आणि खाली टर्बोची जीप. त्या जीपचं इंजिन अब्बांनी बांधलं. सिलिंडरचा बोर, म्हणजे आतली पोकळी, कापून आणला, नवे पिस्टन टाकले, रिंगा बसवल्या आणि चावी देताना सांगितलं, "मालक, हजार किलोमीटर हळू चालवा. इंजिनाला अंग बसवू द्या." चौथ्या दिवशी ती जीप ट्रॅक्टरला बांधून परत आली. इंजिन बसलं होतं, पार जाम झालं होतं.

नेमका आठवडी बाजाराचा दिवस. रुद्रेशनं चार दोस्त आणले होते. अब्बांनी त्याच्यासमोरच इंजिन उघडलं आणि खराब झालेला पिस्टन बाहेर काढला. रुद्रेशनं त्याच्याकडं धड बघितलंही नाही. "बोर टाइट ठिवलास तू. गाडी खाल्लीस माझी," तो म्हणाला. बापाच्या वयाच्या माणसाला अरेतुरे. मग त्यानं टेबलावरची हिरवी वायर उचलली, पिस्टनच्या आडव्या भोकातून ओवली आणि अब्बांच्या गळ्यात बांधली. "चल, स्टँडपतूर. कळू दे लोकांना कसला मिस्त्री हायेस ते."

अब्बा चालले. गॅरेजपासून एसटी स्टँडपर्यंत आणि तिथून परत. भाजीवाल्या बघत होत्या, जीपवाले बघत होते, ज्यांच्या गाड्या अब्बांनी अर्ध्या रस्त्यात जाऊन चालू केल्या होत्या तेही बघत होते. मी डबा घेऊन आले होते. गोरोबाकाकांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दोन दिवस वळ राहिला. सुटले असते तर मी रुद्रेशच्या तोंडावर डबा फेकला असता. नाही सुटले, याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी आल्यावर अब्बांनी हातपाय धुतले. मग तो पिस्टन डिझेलनं धुतला, पुसला आणि माझ्यापुढं धरला. "वाच," म्हणाले.

मला काय वाचता येणार? त्यांनी बोट फिरवत दाखवलं. "बोर टाइट असता तर ह्या खालच्या अंगाला ओरबाडलं असतं. बघ, कारखान्यातल्या बारीक रेघा तशाच हायेत. आन् वर बघ. कड वितळलीय, मेणावानी. लई उष्णता झाली. कुणीतरी पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवलंय, टर्बोचा दाब वाढवलाय, आन् गाडी पळवलीय."

"मग तिथं का न्हाय बोललात?" मी ओरडले.

"तिथं वाचता येणारं कोण हुतं?"

साक्षीदार त्यांच्याच गळ्यात, सगळ्या बाजाराकडं तोंड करून लटकत होता आणि एकालाही कळत नव्हतं. या विचारानं मला कित्येक वर्षं झोप नीट लागली नाही. दुसऱ्या दिवशी अब्बांनी भिंतीत खिळा मारला आणि पिस्टन त्या हिरव्या वायरीसकट टांगला. मग ब्रश घेऊन पाटीवरचं 'टर्बो' हा शब्द स्वतःच्या हातानं पुसला. त्यानंतर टर्बोची गाडी आली की ते हात जोडायचे. ट्रॅक्टर, पाण्याची इंजिनं, जुन्या जीपा, एवढ्यावर आमचं चाललं. गावात पसरलंच होतं, दादामियाँला टर्बो जमत नाही.

मी धाराशिवच्या आयटीआयला गेले ती त्या पिस्टनमुळं. वर्गात एकोणतीस मुलं आणि मी. पास झाल्यावर सोलापुरातून सिलिंडर बोर करायचं जुनं मशीन आणलं. शेजारणी अम्मीला विचारायच्या, पोरगी आता विहिरीचे बोर पाडणार का? हसू द्या. पाच वर्षांत उमरगा, नळदुर्ग, पार तुळजापूरपासून इंजिनांचे ब्लॉक माझ्याकडं यायला लागले. माझ्या हातचा बोर केसभर इकडं-तिकडं होत नाही, हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही, आहे ते सांगते. पाटीवर 'टर्बो' मी पुन्हा रंगवलं. अब्बा खाटेवर बसून बघत राहिले, हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आणि प्रत्येक ब्लॉक मशीनवर चढवताना मी एकाच माणसाची वाट बघत होते.

तो आला, यंदा. गॉगल तोच प्रकार, पोट नवं. कर्नाटकात, आळंदच्या पलीकडं, जीपांची चिखलातली शर्यत भरते. त्यात तो दोन वर्षं दुसरा आला होता. बिदरचा कुणी एक पुढं निघून जायचा. शर्यत दीड महिन्यावर आली होती आणि पुण्याचे गॅरेजवाले तीन महिन्यांनी या म्हणत होते.

"ताई, सीसी वाढवायची," तो म्हणाला. "बोर दोन मिलिमीटर मोठा करा. पिस्टन मी मागवतो."

खाटेवर अब्बा होते. त्यांच्याकडं बघून त्यानं हात वर केला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "मिस्त्री, जुनं काय मनात ठिवू नका. म्या कवाच माफ केलंय तुमाला."

माफ केलंय. मी हातातला पाना खाली ठेवला, कारण तो हातात ठेवणं धोक्याचं होतं. अब्बा नुसते म्हणाले, "बसा मालक, चहा घ्या."

इंजिन उतरवलं, उघडलं, मोजलं. चार दिवस मी हिशेब करत होते. ज्याला यातलं काही कळत नाही त्यालाही समजेल असं सांगते. इंजिनाची ताकद येते हवेतून. जेवढी हवा, तेवढं डिझेल जळणार. साध्या इंजिनात सिलिंडर मोठा केला की हवा जास्त मावते, म्हणून सीसी वाढवण्यात अर्थ असतो. टर्बोच्या गाडीत हवा कोंबायचं काम टर्बो करतो, आणि त्याच्या गाडीचा लहानसा टर्बो आधीच जिवाच्या आकांतानं फिरत होता. नळ तोच राहिला तर घागरीऐवजी हंडा लावून पाणी जास्त येत नाही. दोन मिलिमीटरनं वाढणार होते शंभर सीसी, म्हणजे शेकडा पाच. गाडी खालून थोडी लवकर उचलेल, चिखलात तेवढा उपयोगही होईल, पण वरची ताकद जिथल्या तिथं. आणि त्यासाठी कापायची काय, तर दोन सिलिंडरमधली भिंत. ती आधीच कुणीतरी अर्धा मिलिमीटर खाल्लेली होती. अजून कापली असती तर उरली असती पापडाएवढी. टर्बोच्या दाबाखाली, भर शर्यतीत, ती तडकणार म्हणजे तडकणार.

करू नका, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी ठरवलं, सांगायचं नाही. मागितलंय ते द्यायचं, अगदी उत्तम द्यायचं. बोर आरशासारखा करून द्यायचा. मग आळंदच्या चिखलात, हजार माणसांसमोर, बिदरवाल्याच्या शेजारी त्याचं इंजिन पाणी ओकू दे. माझ्या कामात कुणाला खोट काढता येणार नव्हती. दोन मिलिमीटर त्यानं स्वतःच्या तोंडानं मागितले होते. हा विचार मला इतका गोड लागत होता की त्या चार दिवसांत मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जेवताना अब्बांनी विचारलं, "भिंत किती ऱ्हातीय?"

मी आकडा सांगितला. त्यांचा घास हातात थांबला. "मग?"

"मग काय. गिऱ्हाईक मागतंय ते द्यायचं."

"टिकायची न्हाय."

"तुमची इज्जत टिकली व्हय अब्बा, त्या दिवशी?"

अब्बांनी ताट पुढं सारलं. ताटावरून उठले, हात धुतले आणि खाटेवर जाऊन बसले. गाय माणूस, मी मनात म्हटलं. स्वतःच्या वडिलांबद्दल असं म्हटलं, आणि चुकून नाही म्हटलं.

शेवटचं ठरवायला रुद्रेश आला तो बाजाराच्या दिवशी. गर्दीमुळं दोस्ताची गाडी स्टँडवर लावून दोघं चालत आले होते. गोरोबाकाका चहा घेऊन आले आणि रिकाम्या कपांसाठी तिथंच थांबले. बाहेर जीपवाले सीटा भरत होते, भाजीवाल्यांची रांग आमच्या दारापर्यंत आली होती.

"होईल," मी म्हणाले. "दोन मिलिमीटर होईल."

दोस्त शहाणा निघाला. तो म्हणाला, "अरे रुद्रेश, एवढी कापाकापी कशाला? टर्बोचा दाब वाढीव, डिझेल वाढीव. एका दिवसाचं काम हाय. बिदरवाला तेच करतोय म्हणं."

"न्हाय बाबा," रुद्रेश म्हणाला. "दाबाच्या नादाला म्या लागणार न्हाय. धा वर्षं झाली ह्या खेळात, लई इंजिनं बघितली मरताना. तुला दाखवतो की." त्यानं टेबलाकडं नजर फिरवली. खिळ्यावरचा पिस्टन काढला आणि हिरव्या वायरीला धरून दोस्तापुढं नाचवला.

मी हातातला कप खाली ठेवला.

"हे बघ. दाब आन् डिझेल वाढवल्यावर असं हुतं. वरची कड बघ, वितळलीय निस्ती. आन् खालचं अंग बघ, एक वरखडा न्हाय. म्हंजे मिस्त्रीनं बोर एकदम बरोबर ठिवला हुता. त्याची काय बी चूक न्हाय ह्यात. कुठल्यातरी येड्यानं स्क्रू पिळला आन् इंजिन मारलं."

गोरोबाकाकांनी ट्रे टेबलावर ठेवला. मी तोंड उघडलं. अकरा वर्षं साठवलेलं सगळं जिभेवर आलं होतं. पण माझ्याआधी खाटेवरून आवाज आला.

"काय म्हणलात, मालक? मला हल्ली कमी ऐकू येतंय."

मी वळून बघितलं. अब्बा पाय खाली सोडून बसले होते, कानामागं तळहात धरून.

रुद्रेशला बरं वाटलं. म्हाताऱ्या मिस्त्रीनं आपल्याला विचारावं, यात मान होता. तो आवाज चढवून म्हणाला, "म्या म्हणलं, मिस्त्रीची चूक न्हाय! बोर बरोबर हाय! गाडीवाल्यानं स्क्रू पिळलाय!"

"अजून जरा मोठ्यानं सांगा. जीपवाल्यांनी बी शिकावं, पोरं रोज स्क्रू पिळत्यात."

तो खरंच दारात गेला. पिस्टन वायरीनं उंच धरला आणि बाजारातल्या सगळ्या गोंगाटावर ओरडला, "ऐका रे! हा पिस्टन मिस्त्रीनं मारला न्हाय! मालकाच्या मस्तीनं मेलाय! स्क्रू पिळू नका!" जीपवाले वळले. भाजीवाल्यांनी तागड्या खाली ठेवल्या. त्यातल्या दोघी-तिघी त्या दिवशीही तिथंच बसल्या होत्या.

अब्बा उठले. सावकाश चालत त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "मालक, ती वायर वळखता का?"

"कुठली?"

"हातात हाय ती. हिरवी. गाठ तुमचीच हाय. म्या सोडली न्हाय."

रुद्रेशनं वायरीकडं बघितलं. मग पिस्टनकडं. मग अब्बांच्या गळ्याकडं. हात हळूहळू खाली आला. गोरोबाकाका कुणालाच न उद्देशून म्हणाले, "दोन हजार चौदा. बाजाराचाच दिवस हुता." बाहेर कुणीतरी ते पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. बातमी भाजीच्या रांगेतून स्टँडकडं सरकताना मी डोळ्यांनी बघितली. अंगावर काटा आला, आणि तो सुखाचा होता, खोटं कशाला बोलू.

अब्बांनी त्याच्या हातातून पिस्टन घेतला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यात नीट गुंडाळला, चारी बाजू दुमडल्या, पिशवीत घातला आणि पिशवी त्याच्या हातात दिली. "आमच्यात जुना माल गिऱ्हाईकाचा असतो. तुमचा तेवढा ऱ्हायला हुता. अकरा वर्षं सांभाळला. घेऊन जावा."

पिशवी हातात घेऊन तो उभा राहिला. अब्बा खाटेकडं वळता वळता थांबले. "आन् सीसी वाढवू नका. भिंत ऱ्हात न्हाय, इंजिन तडकंल. टर्बो ह्योच ठिवून शंभर सीसीनं काय बी पदरात पडायचं न्हाय. इंटरकूलर, हवा गार करायची जाळी, मातीनं भरलाय, तो साफ करा, गाडीचं वजन कमी करा, तेवढं बास हाय. पोरगी तेच सांगणार हुती तुमाला." माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. न बघता बोलले ते मला थपडेसारखं लागलं. त्यांचा हिशेब त्यांनी दिवसाउजेडी, खऱ्यावर चुकता केला होता. मी मात्र तोच माझ्या मशीनवर, खोटं बोलून चुकता करायला निघाले होते. गाय माणूस म्हणणाऱ्यांत मीही होते.

रुद्रेश खाटेजवळ गेला. खाली वाकला. "चुकलं माझं, चाचा," तो म्हणाला. अगदी हळू, मला जेमतेम ऐकू आलं.

अब्बांनी कानामागं हात धरला. "काय म्हणलात?"

रुद्रेशनं दाराकडं बघितलं. दारात वीसेक माणसं उभी होती. त्याचे ओठ हलले, पण आवाज काही निघाला नाही. अब्बा तसेच, कानामागं हात धरून, वाट बघत बसले. त्यांना कसलीही घाई नव्हती. शेवटी तो सरळ झाला आणि पिशवी घेऊन बाहेर पडला. गाडी स्टँडवर होती. त्याच रस्त्यानं, त्याच रांगेमधून त्याला चालत जावं लागलं. पिशवी पायाला लागत होती.

तो दिसेनासा झाला. गोरोबाकाकांनी कप गोळा केले. मी उगाच कापडानं टेबल पुसत राहिले. एक काळी-पिवळी सीटा भरून आमच्या दारावरून गेली. बाजाराचा गलका होता, भाजीवाल्या ओरडत होत्या, कुणाचा तरी स्पीकर वाजत होता.

अब्बा खाटेवर आडवे झाले होते, डोळे मिटून.

"दुसरा सिलिंडर मिस मारतोय," ते म्हणाले.